सातला दोनने भाग जात नाही

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटायला सांगणार होतो, पण मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघडेच ठेवा. समजा, तुम्ही चालताय. डावा पाय, उजवा पाय, डावा, उजवा. मनात मोजा: एक, दोन, एक, दोन. सोपं आहे, दीड वर्षाचं मूलसुद्धा करतं. आता एक ते सात मोजा, आणि सात झाले की पुन्हा एकपासून सुरू करा. मधे थांबायचं नाही. पहिल्या फेरीत ‘एक’ला डावा पाय पडला ना? मग दुसऱ्या फेरीत ‘एक’ला कोणता पडतो? उठा, करून बघा. मी थांबतो.

उजवा पडला. बरोबर. तिसऱ्या फेरीत पुन्हा डावा. शाब्बास, आता तुम्हाला या गोष्टीतला सगळा घोटाळा समजला. राहिला तो फक्त माझा अपमान. तो मी सविस्तर सांगतो.

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून घरीच असतो, आणि शिकवायला कोणी सापडलं नाही की संगीत ऐकतो. माझ्या आवडीच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. तुम्ही ऐकलं नसेल. तुमच्या आईबाबांनीही नसेल. ते काय असतं ते सांगतो. साधं गाणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल आणणं. गेलात, घेतली, आलात, तीन मिनिटांत काम फत्ते. प्रोग्रेसिव्ह रॉकमधला माणूसही पेन्सिल आणायलाच निघतो. पण तो वाटेत डोंगर चढतो, होडीत बसतो, एका घड्याळजीशी वाद घालतो, आपण कशासाठी निघालो होतो याचा विचार करत पुलावर बसून राहतो, आणि घरी येतो तेव्हा पेन्सिल विसरलेली असते. पण तोवर त्याने काय काय पाहिलेलं असतं!

माझ्याकडे या प्रकारातली एक तबकडी आहे. लांब केसांच्या चार माणसांनी वाजवलेली, आणि तिच्या एका बाजूवर एकच गाणं, तेवीस मिनिटांचं. एक गोगलगाय चंद्रावर जायला निघते, अशी त्याची गोष्ट. गोगलगायीला चंद्रावर पोहोचायला तेवीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवून देत असतो. तबकडीच्या वेष्टनावर पाठीवर दीपगृह घेतलेल्या आणि समुद्रकाठी बसून रडणाऱ्या गोगलगायीचं चित्र आहे. टाचणीच्या आजीने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे, कारण “जेवताना ती माझ्याकडे बघते.”

टाचणी म्हणजे माझी नात. दहा वर्षांची, सरळ, बारीक, आणि बोलली की टोचणारी. एका रविवारी तिची मैत्रीण घरी आली होती. जेवणं झाली होती, मी तबकडी लावली होती, दोघी जमिनीवर पालथ्या पडून चित्रं रंगवत होत्या. बऱ्याच वेळाने मैत्रिणीने मान वर केली.

“आजोबा, गाणं कधी सुरू होणार?”

“अगं, सुरू होऊन आठ मिनिटं झाली.”

“मग हे काय चाललंय?”

“ही प्रस्तावना.”

“आमच्या पुस्तकात प्रस्तावना असते, ती बाई सोडून देतात,” ती म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली.

ती गेल्यावर टाचणीने रंगपेटी मिटली आणि गंभीरपणे विचारलं, “आजोबा, हे इतकं चांगलं आहे, तर कोणालाच का आवडत नाही?”

“मला विचार,” आतून टाचणीची आजी म्हणाली. “बेचाळीस वर्षं ऐकतेय मी. प्रोग्रेसिव्ह म्हणे! पुढे म्हणून सरकत नाही गाणं. आणि जरा कुठे सूर लागतोय असं वाटलं, की हे मधे बोलतात. ‘आता ऐक हं, आता येतंय, आलं, आलं, गेलं.’ अहो, तुम्ही ऐकू देता कुठे?”

मी तिकडे दुर्लक्ष केलं. शिक्षकाने मागच्या बाकावरून येणाऱ्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नसतं. टाचणीला मी सांगितलं, “लोकांना आवडत नाही, कारण त्यांना कोणी शिकवलं नाही. शिकवलं की काहीही आवडतं. मी मुलांना अपूर्णांक आवडायला लावलेत.”

“किती मुलांना?” पुन्हा आतून आवाज.

“एक होता,” मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

पण तो प्रश्न मला टोचून राहिला. एखाद्या चांगल्या गोष्टीवर सगळं जग पाठ फिरवून बसलं असेल, तर निवृत्त शिक्षकाने काय टीव्ही बघत बसायचं? मी ठरवलं की या गोगलगायीला निदान आपल्या इमारतीत तरी लोकप्रिय करायचं. मुलाने, म्हणजे टाचणीच्या बाबाने, मला ते गाणं एका पेन ड्राइव्हवर घालून दिलं, आणि मी प्रचाराला बाहेर पडलो.

पहिला प्रयोग समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे केला. त्या मोठ्या मनाच्या आहेत. “द्या काका, लावते बाहेरच्या खोलीत. पेशंट तसेही बसलेलेच असतात, पळून कुठे जाणार?” संध्याकाळी त्यांनी पेन ड्राइव्ह परत आणून दिला.

“काका, तिघं पळाले.”

“गाणं आवडलं नाही?”

“गाणं आहे हे कळलंच नाही त्यांना. दहाव्या मिनिटाला ती घरघर सुरू होते ना, त्यांना वाटलं मी आत कोणाच्या तरी दाताला मशीन लावलंय. आणि मग तो माणूस ओरडतो...”

“तो ओरडत नाही. तो चंद्राला हाक मारतो.”

“हो, पण दाढ दुखणाऱ्या माणसाला ते कसं कळणार? एक आजी तर मला विचारायला लागल्या, आतला पेशंट जिवंत आहे ना?”

तळमजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. सगळी इमारत त्यांना साहेब म्हणते. त्यांना कोणी सल्ला विचारत नाही, पण म्हणून त्यांनी कधी कोणाला नाराज केलेलं नाही. त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

“मास्तर, तेवीस मिनिटं फार होतात. मी कर्ज नाकारायलासुद्धा चार मिनिटांच्या वर घेत नसे. कापा. आणि मधे कुठेतरी ‘प्रिये’ पाहिजे. ‘प्रिये’ नसेल तर गाणं चालत नाही.”

“साहेब, गोगलगाय कोणाला प्रिये म्हणणार?”

“दुसऱ्या गोगलगायीला.”

“चंद्रावर दुसरी गोगलगाय नाही.”

“हीच तर चूक झाली तुमची,” साहेब म्हणाले, जणू ती तिथे सोडायला मीच विसरलो होतो.

इथेच हे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दोन दिवसांनी टाचणी शाळेतून धावतच घरी आली. वार्षिक क्रीडादिनाला प्रत्येक तुकडीची कवायत असते आणि तिच्या शाळेत गेली एकोणीस वर्षं सगळ्या तुकड्यांना एकच ढुमढुम चाल होती. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी प्रत्येक तुकडीला आपापलं संगीत निवडायची परवानगी दिली होती. टाचणीच्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून पुढारी निवडला, आणि चिठ्ठी टाचणीची निघाली.

हे केवढं मोठं होतं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. टाचणी वर्गात सगळ्यांत उंच. त्यामुळे पहिलीपासून रांगेत शेवटी. पुढे काय चाललंय ते तिला कायम सगळ्यांच्या नंतर कळायचं. आता प्रथमच ती सगळ्यांच्या पुढे उभी राहणार होती.

“आणि आमचं संगीत ठरलं,” ती धापा टाकत म्हणाली. “तुमची गोगलगाय! मी सगळ्यांना सांगितलंय, माझे आजोबा शिकवतील. पण पुढच्या शुक्रवारी बाई बघणार आहेत. ज्या तुकडीची कवायत जमणार नाही, ती कवायतीतून बाद. त्यांनी क्रीडादिनाला पाहुण्यांच्या खुर्च्या उचलायच्या. मागच्या वर्षीच्या मुलांना अजून सगळे खुर्ची म्हणतात. आजोबा, जमेल ना?”

शहाण्या माणसाने ‘विचार करून सांगतो’ म्हटलं असतं. पण ज्या मास्तरच्या जादा तासाला चौतीस वर्षांत कोणी आपण होऊन आलं नाही, त्याला अठ्ठावीस मुलं बोलावत होती. आणि अठ्ठावीस म्हणजे सात चोक! हा मी शुभशकुन मानला.

“जमेल म्हणजे? जमलंच समज,” मी म्हणालो.

कवायतीला वेळ चार मिनिटं. गाण्यातली कोणती चार मिनिटं घ्यायची यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. पहिल्या चार मिनिटांत नुसता वारा आहे. पुढच्या चारांत वारा आणि एक घंटा. शेवटी चौदाव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंतचा भाग ठरला. तिथे ढोल सुरू होतात आणि गोगलगाय खऱ्या अर्थाने चालायला लागते. सात-सात ठोक्यांनी. हे सात ठोके मला इतके प्रिय आहेत की त्यात काही अडचण असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

अडचण आधी वेगळीच आली. शाळेच्या कार्यालयात कारकुनाने माझ्यापुढे अर्ज ठेवला.

“गीताचे बोल जोडा. तीन प्रती.”

“या भागात बोल नाहीत.”

“मग ते गीत नाही, सर.”

“नाहीच. वाद्यसंगीत आहे.”

“वाद्यसंगीताचा अर्ज वेगळा. तो छापायचा राहिलाय.” तो मनाने वाईट नव्हता. थोडा विचार करून म्हणाला, “पुढे-मागे कुठे बोल असतील तर तेच लिहा की. कोण बघतंय?”

मग मी बाकावर बसून मराठीत लिहून काढलं: गोगलगाय निघाली चंद्रावर, तिचं घर तिच्या पाठीवर. तीन प्रती केल्या. कारकुनाने वाचलं.

“विषय कोणता? निसर्ग, आरोग्य की शिस्त? एकावर खूण करा.”

“निसर्ग.”

“चंद्र निसर्गात धरतात का? भूगोलाच्या बाईंची सही आणा.”

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, चंद्र माझ्याकडे सातवीत येतो, ही पाचवी आहे, विज्ञानाकडे जा. विज्ञानाच्या सरांनी कागद दोनदा वाचला, चंद्रावर हवा नसल्याने गोगलगाय जगू शकत नाही हे मला खडू घेऊन फळ्यावर समजावलं, आणि मग सही केली. सहीखाली लिहिलं: ‘शास्त्रीयदृष्ट्या असहमत. कवायतीस हरकत नाही.’ मी चौतीस वर्षं लोकांना फळ्यावर समजावत आलो. समोर बसून समजून घेताना कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. फारसं चांगलं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर तालीम सुरू झाली. सात-सातच्या चार रांगा, पहिलीच्या मधोमध, एक पाऊल पुढे टाचणी. शाळेचे कवायतीचे सर मदतीला आले होते. सर म्हणजे देवमाणूस, पण त्यांचं जीवनाचं तत्त्वज्ञान एकच: एक म्हणजे डावा. बाकी जगात काय वाटेल ते होवो.

मी मोजायला लागलो. एक ते सात सुंदर झालं. मग आला दुसरा ‘एक’. निम्म्या मुलांनी, चालतोय तसं चालू ठेवावं म्हणून, उजवा पाय टाकला. उरलेल्या निम्म्यांना सरांनी चार वर्षं शिकवलेलं आठवलं. त्यांनी मधेच एक उडी मारून डावा टाकला. दुसरी रांग पहिलीच्या पाठीवर गेली, तिसरी दुसरीच्या, आणि चौथ्या रांगेतला चष्मेवाला मुलगा घाबरून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला.

“गुरुजी, यात एक ठोका जास्त आहे हो,” सर कळवळून म्हणाले. “सहा करा, नाहीतर आठ करा. माणसाला पाय दोन दिलेत.”

“सर, सातला दोनने भागलं की बाकी एक उरते. म्हणून एका फेरीत डावा, पुढच्या फेरीत उजवा. चौदानंतर पुन्हा डावा. साधं गणित आहे.”

“पण एक म्हणजे डावा!”

“या गाण्यात नाही.”

सरांच्या चेहऱ्यावर अंधार पसरला. असा अंधार मी पूर्वी फक्त भूमितीच्या पेपराला मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिला होता.

दरम्यान गच्चीवरचा आवाज ऐकून साहेबांना उत्सुकता वाटली. त्यांनी जिन्यात कोणी नाही असं बघून पायरी-पायरीला एक ते सात मोजून पाहिलं. दुसऱ्या सातला त्यांच्या दोन्ही पायांनी एकाच वेळी एकच पायरी मागितली. तेव्हापासून ते पायाला पट्टी बांधून दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि मी दिसलो की म्हणायचे, “मास्तर, तरी मी सांगत होतो, ‘प्रिये’ टाका.”

पण मुलांनो, तुमची जात मोठी विलक्षण! मी खडूने गच्चीभर तक्ता काढला, चौदा घरांचा, डावा-उजवा लिहून. मुलं त्यावर चालली, धडपडली, हसली, पुन्हा चालली, आणि चौथ्या दिवशी तक्ता पुसला तरी कोणी चुकेना. अठ्ठावीस मुलं, छप्पन्न पाय, आणि ‘एक’ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, घड्याळासारखा! गुरुवारी रात्री मला वाटलं, मिळालं टाचणीच्या प्रश्नाचं उत्तर. लोकांना शिकवलं नव्हतं, एवढंच. मी टाचणीच्या आजीला तसं सांगितलंही.

“तुम्ही अठ्ठावीस जणांना शिकवलंत,” ती म्हणाली. “बघणाऱ्यांना कुठे शिकवलंय?”

मला वाटलं, ही आपली सवयीने बोलते.

शुक्रवारी मैदानाच्या कडेने सगळी शाळा उभी होती, चारशे मुलं. मधे टेबल, टेबलामागे मुख्याध्यापिकाबाई. या बाई एकेकाळी माझ्याच वर्गात होत्या आणि त्यांना मी एकदा शंभरपैकी एकतीस गुण दिले होते. आता मी त्यांना बाई म्हणतो आणि त्या मला सर म्हणतात, पण ते एकतीस दोघांनाही आठवत असतात. आवाजाच्या मशीनवर कारकून होता. चौदाव्या मिनिटाला लावायचं आणि अठराव्याला बंद करायचं, हे मी त्याला लेखी दिलं होतं. तीन प्रतींत.

ढोल सुरू झाले. टाचणीने पहिलं पाऊल टाकलं आणि मागच्या सत्तावीस जणांनी टाकलं. सात. पुन्हा सात. इतकं देखणं दिसत होतं की मी स्वतःच मोजायचं विसरलो. बाईंनाही आवडलं असावं, कारण त्या पेन्सिलीने टेबलावर ताल धरायला लागल्या. टक, टक, टक, टक. दोन-दोनचा.

ती पेन्सिल पाहून बघणाऱ्यांच्या पहिल्या ओळीतल्या मुलांनी टाळ्या धरल्या. टाळी साथीच्या रोगासारखी पसरते. क्षणात चारशे मुलं टाळ्या वाजवत होती, एक-दोन, एक-दोन, आणि गोगलगाय आपली सात-सात चालत होती. थोडा वेळ दोन्ही जुळल्यासारखं वाटायचं, मग गाणं एकीकडे आणि शाळा दुसरीकडे. माझी मुलं बिचारी मधे. तेवढ्यात ‘एक’ला पडलेला उजवा पाय कवायतीच्या सरांना सहन झाला नाही आणि ते कडेवरून कळकळीने ओरडले, “डावा!”

झालं. दुसरी रांग पहिलीवर गेली. कोणाचा तरी बूट निघून थेट टेबलाखाली गेला. आणि नेमकी तेव्हाच गाण्यातली ती शांतता आली. सोळाव्या मिनिटाला सहा सेकंद गाणं एकदम थांबतं. त्या शांततेवर मी तासभर बोलू शकतो. बाईंना वाटलं, सुटलो, संपलं. त्या उभ्या राहिल्या आणि सौजन्याने टाळ्या वाजवू लागल्या. तोच धाडकन ढोल पुन्हा सुरू झाले. बाई दचकून मागे सरकल्या आणि खुर्ची उलटली. कारकुनाने धावत येऊन खुर्ची उचलली आणि मग मशीन बंद केलं.

“सर,” बाई म्हणाल्या, “हे नक्की काय आहे?”

“बाई, सातला दोनने भागलं की बाकी...”

“बाकी मला दिसतेय. अठ्ठावीस आहे.” मग टाचणीकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, “बाळा, तुम्ही मेहनत केलीत. पण हे लोकांसमोर नाही चालणार. क्रीडादिनाला तुमची तुकडी खुर्च्या...”

टाचणी माझ्याकडे बघत होती. ‘जमलंच समज’ म्हणणारा मी खाली, मातीतल्या बुटांच्या खुणांकडे बघत होतो. वर बघायची हिंमतच होईना.

“बाई, एकदाच,” टाचणी म्हणाली. “आधी गाणं नको. नुसतं एकदा.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “दोन मिनिटं.”

टाचणी आपल्या तुकडीजवळ गेली आणि काहीतरी कुजबुजली. मग ती वळली, पण बाईंकडे नाही, त्या चारशे मुलांकडे.

“तुम्हाला टाळ्या वाजवायच्यात ना? मग सांगते तेव्हा वाजवा! चार पावलं, तीन टाळ्या. जागच्या जागी. एवढंच. डावा, उजवा, डावा, उजवा, टाळी, टाळी, टाळी!”

पहिल्यांदा ओढ्यावरून गाढवं गेल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्यांदा बरा झाला. पाचव्यांदा चारशे मुलं एका पायाने उतरली आणि एका हाताने वाजली, आणि मी बोटांवर मोजून पाहिलं. चार अधिक तीन सात! पावलं चारच, म्हणजे पुढचा ‘एक’ पुन्हा डाव्यालाच. मी गच्चीभर चौदा घरांचा तक्ता काढला, भागाकार केला, बाकी सांभाळत बसलो, पण माणसाला पायांखेरीज हातही असतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“गुरुजी!” कवायतीचे सर माझा दंड धरून हलवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “एकला डावा! बघा, पुन्हा डावा! दर वेळी डावा हो!”

“आजोबा, लावायला सांगा!” टाचणी ओरडली.

कारकुनाने पुन्हा चौदावं मिनिट लावलं. चार दिवस पाठ केलेलं विसरून नवं धरायला माझ्या अठ्ठावीस जणांना दोन फेऱ्या लागल्या, बस. चार पावलं चालायची, थांबून तीन टाळ्या, आणि कडेने चारशे जणांच्या टाळ्या त्याच क्षणाला. बाईंची पेन्सिलही आता तीनदाच वाजत होती. मग ती शांतता आली. टाचणीने हात वर धरला. अख्ख्या मैदानाने हात वर धरले, आणि सहा सेकंद चारशे मुलं श्वास रोखून वाट बघत राहिली. मी या शांततेबद्दल बेचाळीस वर्षं लोकांना समजावत होतो. टाचणीचा हात खाली आला आणि ढोल आणि टाळी एकत्र कडाडली.

अठराव्या मिनिटाला कारकुनाने लेखी सूचनेप्रमाणे गाणं बंद केलं. जो काही गलका झाला तो विचारू नका. बाई म्हणाल्या, “ही तुकडी क्रीडादिनाला सगळ्यांत पहिली,” आणि टाचणीच्या तुकडीने तिला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. ती इतकी उंच आहे की तो फसला. मग बाई माझ्याकडे वळल्या.

“संपलं ना सर गाणं?”

माझ्याच्याने खोटं बोलवेना. “नाही बाई. पुढची पाच मिनिटं राहिलीत. आणि आधीची चौदा तर तुम्ही ऐकलीच नाहीत.”

बाई हसल्या. “लावा. अगदी सुरुवातीपासून लावा. बघू तरी काय आहे ते.”

कारकुनाने लावलं, आणि त्याच वेळी मधल्या सुट्टीची घंटा झाली. निम्मी शाळा डबे खायला पळाली. पण निम्मी थांबली! दोनशे मुलं! प्रोग्रेसिव्ह रॉकला एका ठिकाणी इतके श्रोते मी तरी आयुष्यात पाहिले नव्हते.

सुरुवातीला वारा होता. नुसता वारा. ना पावलं टाकायला काही, ना टाळी वाजवायला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हातांचं काय करावं ते कोणालाच कळेना. बाईंचा एक पाय कार्यालयाकडे वळला होता.

“आता काय करायचं असतं?” त्यांनी विचारलं.

माझ्याकडे याचं पाऊण तासाचं उत्तर तयार होतं, आणि मी तोंड उघडलंही होतं. पण टाचणी मैदानात मांडी घालून बसली, आणि शेजारची माती तळहाताने साफ करून तिने बाईंसाठी जागा केली.